वाचनालयाच्या कपाटात खेळांनाही जागा द्या

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी आमच्या भागातल्या एका वाचनालयात अर्ज घेऊन गेलो होतो. उन्हाळ्याच्या सुट्ट्या संपेपर्यंत दुपारी 12 ते 4 या वेळात वाचनकक्षातले एक टेबल मुलांना बैठे खेळ खेळायला द्यावे, एवढीच मागणी होती. त्या वेळी तिथे दोन-तीन पेन्शनर वर्तमानपत्र वाचत बसलेले असतात आणि बाकीची टेबले रिकामी असतात. खेळ मी घरून आणणार होतो, मुलांजवळ मीच बसणार होतो. आठ दिवसांनी तोंडी उत्तर मिळाले, "काका, हे वाचनालय आहे. आज मुलं पट मांडतील, उद्या मोठी माणसं पत्ते घेऊन येतील." अर्जासोबत मी खेळाचा डबाही नेला होता. तो कोणी उघडून पाहिला नाही. वाचनालयाचे नाव मी लिहीत नाही, कारण माझे म्हणणे त्या एका संस्थेपुरते नाही. तो डबा इथे उघडून दाखवावा म्हणून हे पत्र लिहितो आहे. जागा थोडी जास्त लागेल, सांभाळून घ्यावे.

मी 34 वर्षे इमारतींच्या साइटवर सुपरवायझर होतो. सकाळी ठिय्यावरून मजूर आणायचे, कन्हानच्या रेतीची गाडी मोजून घ्यायची, गिट्टी, सळाख, सिमेंटच्या थैल्या रजिस्टरवर चढवायच्या आणि स्लॅबच्या दिवशी शेवटचे घमेले पडेपर्यंत तिथून हलायचे नाही, यात आयुष्य गेले. खेळण्याची आवड मला कधी नव्हती. निवृत्तीनंतर जर्मनीत नोकरीला असलेल्या भाच्याने हा डबा आणून दिला. "मामा, यात बांधकाम आहे, तुम्हाला आवडेल," म्हणाला. दोन महिने तो आलमारीवर तसाच पडून होता. नात सुट्टीत आली तेव्हा तिने खाली काढला.

खेळाचे नाव इम्होटेप. फिल वॉकर-हार्डिंग या ऑस्ट्रेलियन माणसाने तो तयार केला आणि श्टुटगार्टच्या कॉसमॉस कंपनीने 2016 साली काढला. त्याच वर्षी जर्मनीच्या 'श्पील देस यारेस' म्हणजे 'वर्षातला सर्वोत्तम खेळ' या पुरस्काराच्या शेवटच्या तिघांत तो होता. दोन ते चार जण खेळू शकतात, पाऊण तासात डाव संपतो. डब्यात लाकडी चौकोनी ठोकळे आहेत. काळे, पांढरे, तपकिरी आणि करडे, प्रत्येक रंगाचे 30. हे दगड. जहाजेही लाकडीच, एकात एक दगड मावेल तर दुसऱ्यात चार. प्रत्येकाजवळ दगड ठेवायला एक घसरगाडी असते, तिच्यात पाचच्या वर दगड बसत नाहीत. आणि पाच जागा, जिथे माल उतरतो: बाजार, पिरॅमिड, मंदिर, दफनगृह आणि ओबेलिस्क म्हणजे उंच टोकदार शिलास्तंभ.

आपल्या पाळीला एकच काम करता येते. खाणीतून तीनपर्यंत दगड आणा, किंवा एक दगड जहाजावर चढवा, किंवा एक जहाज हाकारून कुठल्या तरी जागेवर न्या, किंवा बाजारातून मिळालेले निळे पान वापरा. बस, एवढेच. फासे नाहीत.

पण प्रत्येक फेरीत जहाजे चारच असतात आणि जागा पाच. एका जागेवर फेरीत एकच जहाज लागते. म्हणजे दर फेरीला एक जागा कोरडी राहणारच. त्यात जहाज कोणा एकाचे नाही. माझा दगड ज्या जहाजावर आहे त्यावर तुमचाही असू शकतो आणि किमान ठरलेले दगड भरले की ते कोणीही हाकारू शकतो. ज्याचा त्यावर एकही दगड नाही तोसुद्धा. दगड उतरतात ते नाळेकडून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडून मागे, ओळीने. तुमचा दगड पुढे आहे की मागे, यावर तो पिरॅमिडमध्ये कुठे बसेल आणि किती गुण देईल हे ठरते.

हे नियम मुलांनी वाचले आणि मी उठून बसलो. अख्खी साइट समोर मांडली होती. एकाच ट्रकमध्ये दोन कामांचा माल भरलेला असतो, आपली फरशी खाली आणि दुसऱ्याच्या थैल्या वर असतात, ट्रक आधी कुठे खाली होईल यावर दोन मिस्त्र्यांचा दिवस अवलंबून असतो. मी स्वतः दुपारी तीन वाजेपर्यंत 22 मजूर बसवून ठेवले आहेत, कारण गाडी दुसऱ्या साइटवर वळवली गेली होती. मजुरी द्यावीच लागली. डब्यातल्या निळ्या पानांत एक पान पहारेचे आहे, आमच्याकडे सब्बल म्हणतात. ते वापरणाऱ्याने जहाज हाकारायचे आणि दगड कुठल्या क्रमाने उतरतील हेही त्यानेच ठरवायचे. ज्याने हे पान योजले त्याला मालाची गाडी खाली करणे म्हणजे काय हे नक्की ठाऊक असणार.

पानांवरचा मजकूर जर्मन होता. भाच्याने फोनवरून अर्थ सांगितला, सूनबाईने लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीच्या चिठ्ठ्या कापून त्यावर मराठीत लिहून चिकटवल्या. छन्नी, सब्बल, हातोडा, शीड. आता आमच्या घरी ती पाने कोणी उलटून जर्मन बाजू बघत नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली इस्त्रीचा ठेला आहे. त्या भाऊंचा मुलगा 13 वर्षांचा. सुट्टीत दुपारभर तो तिथेच कोळशाच्या इस्त्रीशेजारी बसायचा, कारण घरात पत्र्याखाली त्याहून जास्त तापते. विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, ते याच उन्हामुळे. पारा 45 च्या पुढे गेला की रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही. नातीने त्याला हाक मारून आत बोलावले, तिला खेळायला तिसरा भिडू हवा होता. दुसऱ्या दिवशी तो आपल्या बहिणीला घेऊन आला. आठवडाभरात सात मुले झाली. घरी कूलर एका खोलीत आणि त्या खोलीत माझी पत्नी दुपारी पडते. वाचनालयात तीन कूलर आहेत. माझा अर्ज तिथून सुरू झाला.

एक डाव सविस्तर सांगतो. नात, म्हणजे वय वर्षे 11, पांढरे दगड घेऊन होती, इस्त्रीवाल्यांचा मुलगा तपकिरी आणि मी काळे. दफनगृहात दगड एकमेकांना लागून बसले की गुण वाढत जातात: एकाला 1, दोनला 3, तीनला 6, चारला 10, पाचला 15. पोरीचे चार पांढरे दगड सलग झाले होते. पाचवा बसला की 10 चे 15. तिने तीन जागांच्या जहाजात नाळेवर आपला दगड ठेवला, मागे माझा एक होता. पुढच्या पाळीला ती जहाज दफनगृहाला लावणार हे दिसतच होते. मुलाचा त्या जहाजावर एकही दगड नव्हता. त्याने शांतपणे ते उचलले आणि ओबेलिस्कला नेऊन लावले. माझा दगडही तिकडेच गेला. मी म्हटले, "अरे, हे काय करून राहिला तू?" तो म्हणाला, "आबा, तिले पंधरा होऊन राहिले होते ना." नात काही बोलली नाही. फेरीच्या सुरुवातीलाच तिने दोन जागांच्या एका जहाजात एकच पांढरा दगड चढवून ठेवला होता. तो मंदिरासाठी असेल असे आम्ही दोघेही धरून चाललो होतो. आपली पाळी आल्यावर तिने ते जहाज दफनगृहाला लावले. दगड नेमका त्या मोकळ्या कोनाड्यात बसला. "मी दुसरी गाडी लावूनच ठेवली होती ना आबा," म्हणाली.

एक गाडी चुकली तर दुसरी तयार ठेवावी, हे शिकायला मला पहिली दहा वर्षे लागली होती. ती मी तिला सांगितली नव्हती.

त्याच संध्याकाळी आणखी एक गोष्ट झाली. माझी पत्नी दारात ठिपक्यांची रांगोळी काढते. ती ठिपके मांडत असताना मुलगा बघत उभा होता. वरच्या ओळीत एक, खाली दोन, खाली तीन. तो एकदम म्हणाला, "आजी, हे तर दफनगृहाचे गुण आहेत!" आणि बोटाने मोजून दाखवू लागला: एक, एक आणि दोन मिळून तीन, आणखी तीन मिळवले की सहा, मग दहा, मग पंधरा. या त्रिकोणी संख्या. शाळेत त्याला गणितात 35 च्या आसपास गुण मिळतात. पाचव्या दगडानंतर खेळात दर दगडाला दोनच गुण वाढतात, तर पुढे 21 ऐवजी 17 का, हेही त्यानेच विचारले. याचे उत्तर मी दोन दिवस शोधत होतो. मला वाटते, एकट्याने तिथेच दगड रचत बसू नये, बाकीच्या चार जागाही बघाव्यात, म्हणून तो लगाम असावा. तुमच्या वाचकांपैकी कोणा गणिताच्या शिक्षकाला याहून चांगले उत्तर सुचले तर मुलाला कळवायला आवडेल.

'हे वाचनालय आहे' या उत्तराबद्दल आता बोलतो. या खेळाने माझ्या घरात जेवढे वाचन घडवले तेवढे गेल्या दहा वर्षांत झाले नव्हते. इम्होटेप हा कोण, असे मुलांनी विचारले. मला माहीत नव्हते. मग सूनबाईने आणि मी मिळून वाचायला सुरुवात केली. तो खराखुरा माणूस होता. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्याही आधी, इजिप्तच्या जोसर राजाच्या दरबारातला मोठा अधिकारी. सक्कारा इथला पायऱ्या-पायऱ्यांचा पिरॅमिड त्याच्या नावावर आहे, सहा टप्प्यांचा आणि 60 मीटरच्या आसपास उंच. राजांच्या कबरी तोवर मुख्यतः कच्च्या विटांच्या असायच्या, एवढे मोठे काम घडवलेल्या दगडात उभे राहिले ते इथे. जोसरच्या एका पुतळ्याच्या चौथऱ्यावर राजाच्या नावासोबत इम्होटेपचे नाव कोरलेले सापडले आहे. बांधणाऱ्याचे नाव मालकाच्या पुतळ्यावर! मी काम केलेल्या इमारतींवर बिल्डरचे नाव संगमरवरात आहे. मिस्त्र्याचे कुठेच नाही, आणि आम्हाला त्यात वावगे काही वाटलेही नाही. पुढे इजिप्तच्या लोकांनी इम्होटेपला देव मानले, वैद्यकाचा देव.

मला स्वतःला सर्वांत जास्त भिडला तो मेरेर. 2013 साली तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे फ्रेंच संशोधक पिएर ताले यांच्या पथकाला पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदाचे तुकडे मिळाले. लिहिलेले पपायरस आजवर जेवढे सापडले त्यांत हे सर्वांत जुने. त्यातला एक भाग म्हणजे मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी. हाताखाली 40 च्या आसपास माणसे, काम एकच: तुरा इथल्या खाणीतला चुनखडीचा दगड नावेत भरायचा आणि नाईल व कालव्यांतून गिझाला, खुफू राजाच्या पिरॅमिडवर पोचता करायचा. आज दगड भरला, आज नाव निघाली, रात्र अमुक ठिकाणी काढली, असे दिवसावर दिवस. दहा दिवसांत दोन-तीन खेपा व्हायच्या. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. मी 34 वर्षे हीच डायरी लिहिली आहे. गाडी नंबर, वेळ, माल, सही. साडेचार हजार वर्षांपूर्वी कोणी तरी बसून तेच लिहीत होता, आणि जगातल्या सर्वांत उंच पिरॅमिडबद्दल तिथे काम करणाऱ्याच्या हातचा कागद म्हणून आज त्याचीच वही आहे. मुलांना मी माझ्या जुन्या साइट डायऱ्या काढून दाखवल्या. मुलगा आता प्रत्येक डावाची नोंद वहीत करतो, कोणते जहाज कोणी कुठे नेले याची. पहिल्या पानावर त्याने मेरेर लिहिले आहे.

पिरॅमिड गुलामांनी चाबकाखाली बांधले असे मीही समजत होतो. गिझाला मजुरांची वस्ती खणून काढली आहे, त्यांच्या भाकरीच्या भट्ट्या सापडल्या आहेत, पिरॅमिडशेजारी त्यांच्या कबरी आहेत आणि टोळ्यांनी दगडांवर आपापली नावे रंगवून ठेवली आहेत. बेलदारांच्या टोळ्यांसोबत ज्याने काम केले त्याला हे लगेच समजते. प्रत्येक टोळीचा आपला अभिमान असतो. काम सक्तीचे असेल, कष्टाचे तर होतेच, पण त्या माणसांना खाऊ घातले जात होते आणि मेल्यावर राजाच्या कामाशेजारी पुरले जात होते.

जूनच्या पहिल्या रविवारी पहाटे पाचला मी चार मुलांना घेऊन काटोल रोडने जुनापाणीला गेलो. आयुष्य नागपुरात गेले आणि मी तिथे कधी उतरलो नव्हतो. तीनशेच्या आसपास शिळावर्तुळे आहेत, लोहयुगातली, मोठमोठ्या धोंड्यांची गोल रिंगणे आणि आत मातीचा उंचवटा. मृतांच्या स्मरणार्थ रचलेली. काही धोंड्यांवर वाटीसारख्या खळग्यांच्या ओळी कोरलेल्या आहेत. इस्त्रीवाल्यांच्या मुलाने एका धोंड्याला खांदा लावून पाहिला, तो हलला नाही. "आबा, इथं तर नदीच नाही. याचं जहाज कोणतं?" मी त्याला रूळ, सब्बल आणि दोर कसे लावतात ते जमिनीवर काडीने काढून दाखवले. सात वाजता ऊन चढले, परत आलो. शाळेची सहल जुनापाणीला का जात नाही, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.

गोंगाटाबद्दल: होतो. सात मुले दहा मिनिटांनी एकदा ओरडतात, जहाज पळवले गेले की. पण वाचनकक्षाला लागून बालविभागाची खोली असते, तिचे दार लागते. आणि पत्त्यांची भीती घालणाऱ्यांना माझे सांगणे आहे की जुगारात पैसा असतो, इथे नाही. बैठे खेळ आपल्याला परके आहेत असेही कोणी म्हणू नये. सारीपाट आपला, मोक्षपट आपला, कोजागरीच्या रात्री जागून अक्षक्रीडा करायची रीत आपली. इजिप्तमध्ये सेनेत नावाचा तीस घरांचा पट होता, तुतनखामेनच्या कबरीत त्याचे पट सापडले. राजाने सोबत न्यावा अशी ती वस्तू होती.

जर्मनीत बऱ्याच सार्वजनिक ग्रंथालयांत पुस्तकांशेजारी खेळांची कपाटे असतात, कार्डावर खेळ घरी नेता येतो, असे भाचा सांगतो. असा एक खेळ आपल्याकडे विकत घ्यायचा तर काही हजार रुपये पडतात. इस्त्रीवाल्या भाऊंना ते शक्य नाही, मलाही दरवर्षी शक्य नाही. पण वाचनालय एकदा घेईल आणि शंभर घरांत तो खेळला जाईल. पुस्तकाचेही तर हेच आहे. महाराष्ट्रात 1967 पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, अनुदान मिळते, अ, ब, क, ड असे दर्जे आहेत. अनुदानातून खेळ घेण्याची सोय नसेल तर ती करावी, आणि होईपर्यंत लोकांकडून देणगी म्हणून स्वीकारावेत.

दगड हरवतील, असे मला विचारले गेले. यावर मी सोपी पद्धत सुचवतो, स्टोअरमध्ये आम्ही हीच वापरायचो. प्रत्येक रंगाच्या 30 ठोकळ्यांसाठी पाच बाय सहा खणांचा प्लायवूडचा ट्रे करायचा. परत घेताना मोजायची गरज नाही, रिकामा खण डोळ्याला दिसतो. असे चार ट्रे मी स्वतः करून ठेवले आहेत, सहा मिलिमीटरच्या प्लायचे, कडा पॉलिशपेपरने घासून. जे वाचनालय तयार होईल त्याला हा खेळ ट्रेसकट कायमचा देईन, रजिस्टर आखून देईन आणि शाळा उघडेपर्यंत रोज दुपारी चार तास तिथे बसेन. मानेवाड्यापासून सीताबर्डीपर्यंत कुठेही येईन, बसचा पास आहे.

परवा ट्रे भरताना एक तपकिरी खण रिकामा निघाला. मुलाने घरभर शोधले, शेवटी कूलरच्या स्टँडखाली ओला झालेला दगड मिळाला. उन्हात वाळवून तो जागेवर ठेवला आहे. डब्यात आता 120 पूर्ण आहेत.

आपला,
एक निवृत्त साइट सुपरवायझर
मानेवाडा, नागपूर